मे-जूनमधल्या लडाखचं हवामान: नाशिककरांचे वारंवार येणारे प्रश्न

परीक्षा संपल्या आणि नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकला की लडाखबद्दलचे प्रश्न सुरू होतात. बहुतेकांना एकच आकडा हवा असतो: तिथे किती अंश असतं? तो आकडा खाली दिला आहे, पण नुसत्या त्याच्या भरवशावर बॅग भरू नका. तिथलं हवामान कॅलेंडरपेक्षा उंचीवर आणि घड्याळावर जास्त चालतं. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत, फक्त सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत.

१. मे-जूनमध्ये लेहला नेमकं तापमान किती असतं?

मेमध्ये लेह शहरात दुपारी साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस आणि पहाटे शून्य ते ५ अंश. जूनमध्ये दुपारी २० ते २५ आणि पहाटे ५ ते १०. ढग दाटून आले तर मेमधली दुपारसुद्धा १० अंशांच्या आसपासच अडकते. हे आकडे फक्त लेह शहराचे, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवरचे आहेत. खिंडी, सरोवरं आणि नुब्रा खोऱ्यासाठी प्र. ५ आणि प्र. ६ पाहा.

२. तिथे तर बर्फ असतो, मग लडाखला वाळवंट का म्हणतात?

कारण वर्षभरात लेहला पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. आपल्या इगतपुरीत जुलैतल्या एका दिवसात कधीकधी याहून जास्त पडून जातं. कारण समजायला लांब जायला नको. इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात आणि येवला-नांदगाव आभाळाकडे बघत बसतात, ही पर्जन्यछाया आपण जन्मापासून पाहतो. लडाखमध्ये सह्याद्रीच्या जागी हिमालयाची मुख्य रांग आहे आणि ती सह्याद्रीच्या कित्येक पट उंच आहे, त्यामुळे पलीकडे कोरड जास्त तीव्र. डोंगरांवर दिसणारा बर्फ हा हिवाळ्यात साठलेला आणि हिमनद्यांमधला असतो. रोज पडणाऱ्या बर्फाची ती खूण नव्हे.

३. मग मे-जूनमध्ये जो काही पाऊस-बर्फ पडतो तो येतो कुठून?

पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिवाळाभर आणि वसंतात लडाखला बर्फ देतात. नाशिकच्या शेतकऱ्याला हे पाहुणे अनोळखी नाहीत. ते उत्तरेत बर्फ टाकून गेले की मागून थंड वारे उतरतात, निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरतो आणि द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतो. फेब्रुवारी-मार्चमधल्या अवकाळी आणि गारपिटीमागेही अनेकदा यांचाच हात असतो.

मेमध्ये त्यांचा जोर कमी होतो, पण ते थांबत नाहीत. एक झंझावात आला की दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं राहतं, लेहला शिंतोडे पडतात आणि वर खिंडींत बर्फ. जूनमध्ये हे वारे आणखी उत्तरेकडे सरकतात, म्हणून जूनचं आभाळ जास्त मोकळं. छत्री नेऊ नका, वाऱ्यात टिकत नाही. टोपी असलेलं पाणीरोधक जॅकेट न्या.

४. मेमध्ये जावं की जूनमध्ये?

याचं उत्तर तुम्हाला काय पाहायचं आहे यावर आहे, आणि महिन्याऐवजी पंधरवड्यांत विचार केला तर ते नीट लागतं.

मेचा पहिला पंधरवडा म्हणजे लडाखमध्ये हिवाळ्याचं शेपूट. शिखरं पांढरी, हवा स्वच्छ, गर्दी कमी. रात्री चांगली थंडी, आणि मनालीकडचा रस्ता सुरू असेलच असं नाही. खालच्या गावांत जर्दाळूचा बहर एप्रिलमध्ये येऊन गेलेला असतो, उंचावरच्या गावांत त्याचा शेवट सापडू शकतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पॉपलर आणि विलोला पालवी फुटते, शेतात सातूची पेरणी झालेली असते आणि करड्या डोंगरांच्या पायथ्याशी हिरवे पट्टे उठू लागतात.

जूनचा पहिला पंधरवडा मला सर्वांत समतोल वाटतो. बहुतेक रस्ते सुरू, दिवस मोठा, आभाळ मोकळं, वर बर्फही शिल्लक. लेहमध्ये या काळात पहाटे पाच-सव्वापाचला उजाडतं आणि साडेसातपर्यंत उजेड राहतो, त्यामुळे लवकर निघून लवकर मुक्कामी पोहोचणं जमतं. अडचण एवढीच की नाशिकच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मुलांची सुट्टी हीच अट असेल तर मेचा शेवटचा आठवडा धरा आणि रात्रीच्या थंडीची तयारी ठेवा.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लेहची दुपार गरम वाटू लागते, ओढ्यांना पाणी वाढतं आणि पर्यटकांची गर्दीही.

५. मोबाइलवर लेहचं तापमान १८ दिसतंय. मग जाड जॅकेट कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट उंची. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) लेहपेक्षा सुमारे १८५० मीटर उंच आहे. (तिथल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. मोजलेली उंची १७,६०० फुटांच्या आसपास आहे.) म्हणजे लेहला १८ असताना खिंडीत ६, आणि वारा सुटला की अंगाला ते शून्याखालचं वाटतं. सकाळी लेहला ६ असेल तर वर खरोखरच शून्याखाली.

दुसरी गोष्ट ऊन आणि सावली. हवामान खात्याचा तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत असतो. तिथे १८ असताना उन्हात उभ्या माणसाला तिशीचा चटका बसतो. सूर्य ढगाआड गेला किंवा डोंगराची सावली अंगावर आली की पाचच मिनिटांत हुडहुडी भरते. नाशिकच्या हवेत हा फरक कधी एवढा जाणवत नाही.

तिसरी गोष्ट रात्र. हवेतली वाफ आणि ढग जमिनीची उष्णता धरून ठेवतात. लडाखमध्ये दोन्ही कमी, त्यामुळे सूर्य मावळताच उष्णता सरळ आकाशात निघून जाते.

म्हणून एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा थर घालणं बरं: आत थर्मल, वर स्वेटर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं जॅकेट. दुपारी एकेक काढायचं, चारनंतर एकेक चढवायचं. कानटोपी आणि हातमोजे मेमध्ये हवेतच. जूनमध्येही खिंडींसाठी लागतात.

६. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरीरी, कारगिल, द्रास इथे हवामान एकसारखंच असतं का?

नाही. नुब्रातली दिस्कीत-हुंडर ही गावं लेहपेक्षा सुमारे हजार फूट खाली, म्हणून तिथे दिवसा-रात्री दोन-तीन अंश जास्त ऊब असते. हुंडरला दुपारी वारा उठतो आणि वाळू उडते. तिथल्या टेकड्या सकाळी पाहा.

पँगाँग सरोवर सुमारे १४,००० फुटांवर आणि उघड्यावर. मेमध्ये तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, जूनमध्येही शून्याला टेकू शकतो. खरा त्रास पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याचा, म्हणून काठावरच्या तंबूपेक्षा गावातली खोली उबदार. त्सो मोरीरी हे सरोवर पँगाँगहूनही उंच, जवळपास १४,८०० फूट, आणि आणखी थंड. मुक्कामाच्या ठिकाणांत ते सर्वांत शेवटी ठेवा.

कारगिल पावणेनऊ हजार फुटांच्या आसपास असल्याने जूनमध्ये चक्क गरम. द्रास मात्र झोजिला खिंडीच्या जवळ, तिथे बर्फ उशिरा वितळतो आणि ढगही जास्त येतात.

७. मेमध्ये पँगाँग गोठलेलं दिसेल का?

बहुधा नाही. पाणी खारं असूनही ते हिवाळ्यात गोठतं, पण एप्रिलमध्ये बर्फ फुटू लागतो आणि मेच्या मध्यापर्यंत निळं पाणी मोकळं झालेलं असतं. मेच्या अगदी सुरुवातीला काठाशी बर्फाचे तुकडे दिसू शकतात.

८. रस्ते कधी उघडतात? तारीख सांगा, म्हणजे तिकीट काढतो.

पक्की तारीख कोणीच देऊ शकत नाही आणि कोणी दिली तर तिच्यावर पैसे लावू नका. श्रीनगर-लेह रस्त्यावरचा झोजिला सीमा रस्ते संघटनेने २०२३ मध्ये ६८ दिवसांच्या बंदनंतर १६ मार्चला खुला केला. २०२५ मध्ये तो केवळ ३२ दिवस बंद राहिला आणि १ एप्रिलला उघडला. म्हणजे मेमध्ये हा मार्ग सहसा हाताशी असतो.

मनाली-लेह रस्त्याचं तसं नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीचा अडथळा टळला, पण पुढे बारालाचा ला, लाचुंग ला आणि तांगलांग ला या सोळा ते साडेसतरा हजार फुटांच्या खिंडी उरतातच. रस्ता लष्करी वाहनांसाठी खुला होणं आणि सर्वांसाठी खुला होणं यांतही अंतर असतं. मेमध्ये जाणार असाल तर श्रीनगरकडून जा. मनालीकडून जायची इच्छा असेल तर जून धरा.

श्रीनगरकडून जाण्यात आणखी एक फायदा आहे: उंची हळूहळू वाढते, शरीराला वेळ मिळतो (प्र. ११).

९. रस्ता खुला असतानाही गाड्या अडकल्या अशा बातम्या येतात. असं का होतं?

मे-जूनमध्ये बर्फ वितळण्याचं वेळापत्रक रोजचं आहे. रात्री सगळं गोठतं, सकाळी ओढ्यात घोटाभर पाणी. दहा-अकरानंतर ऊन वर चढतं, वरचा बर्फ सुटतो आणि ते पाणी दुपारनंतर रस्त्यावर पोहोचतं. सकाळी हसत ओलांडलेला नाला चार वाजता गुडघ्याच्या वर असतो, त्यातले गोटे दिसत नाहीत आणि गाडी मध्येच बंद पडते. पँगाँगच्या वाटेवर एका नाल्याला ‘पागल नाला’ हेच नाव आहे. दुपारी बर्फ सैल झाल्याने दरडी आणि हिमघसरणीचा धोकाही वाढतो.

उपाय एकच आणि तो फुकट आहे: पहाटे निघा. खिंडी दुपारच्या आत पार करा. ड्रायव्हर सहाला निघायचं म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका.

१०. आकाश स्वच्छ असूनही लेहचं विमान रद्द होतं, हे खरं का?

हो. लेहचा कुशोक बकुला रिंपोछे विमानतळ डोंगरांच्या खोबणीत आहे. दुपारी दरीतून जोराचे वारे उठतात, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळी उरकतात. दुसरं कारण उष्णता. तिथली हवा मुळात विरळ, तापली की आणखी विरळ होते आणि विमानाला पुरेसं उचलबळ मिळत नाही. २०२४ च्या जुलैअखेरीस लेहची काही उड्डाणं अशा वाढलेल्या तापमानामुळे रद्द झाली होती. मे-जूनमध्ये उष्णतेपेक्षा ढग आणि वारा हीच कारणं जास्त. पुढचं दिल्ली-नाशिक विमान किंवा रेल्वेचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.

११. नाशिकच्या ४० अंशांतून थेट लेहला उतरलो तर थंडी बाधेल का?

थंडीपेक्षा विरळ हवा बाधते. नाशिक सुमारे दोन हजार फुटांवर. आपल्या जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला साल्हेर पाच हजारांच्या थोडा वर. लेह त्याच्या दुपटीहून उंच, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरतो. दर श्वासाला तेवढाच कमी प्राणवायू. गड चढायची सवय असली म्हणून सूट मिळत नाही. उलट तरुण, तगडे लोक पहिल्याच दिवशी धावपळ करून आजारी पडतात.

विमानाने गेलात तर पहिले ४८ तास लेहमध्येच विश्रांती. त्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात हजार-दीड हजार फुटांपेक्षा जास्त वाढू नये असं पाहा. पहिला मुक्काम नुब्रात आणि पँगाँग नंतर, हा क्रम याच कारणासाठी. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. तेवढ्यावर वर चढणं थांबवा. बसल्याजागी धाप, खोकल्यातून फेस, चालताना झोक जाणं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवा आणि रुग्णालय गाठा. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय आहे. विरळ हवेच्या त्रासावरची असिटाझोलामाइड ही गोळी घ्यायची का आणि किती, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. गटातल्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

१२. आईबाबा साठीपुढचे आहेत, मुलगी चार वर्षांची आहे. नेऊ का?

हृदयाचा, फुप्फुसाचा आजार किंवा नियंत्रणात नसलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. बाकी ज्येष्ठ जूनमध्ये आरामात जाऊन येतात, मात्र त्सो मोरीरी वगळा. लहान मुलांना काय होतंय ते नेमकं सांगता येत नाही, हीच खरी अडचण. चिडचिड आणि जेवण सोडणं यांकडे विरळ हवेचा त्रास म्हणूनच पाहा.

१३. थंड ठिकाणी सनस्क्रीन आणि गॉगल कशाला?

दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. हवा गार असल्याने भाजतंय हे कळत नाही, संध्याकाळी नाकाची कातडी सोलते. खिंडीतल्या बर्फावर गॉगलशिवाय तासभर खेळलेल्या मुलांचे डोळे रात्री लाल होऊन चुरचुरतात. हवा कोरडी म्हणून ओठ फुटतात, नाकातून किंचित रक्तही येतं. व्हॅसलीन जवळ ठेवा आणि तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहा.

१४. आम्ही नाशिकहून बाइकवर निघतोय. हवामानाची वेगळी काळजी काय?

तुमची पहिली परीक्षा लडाखमध्ये नाही, मैदानात आहे. मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे, इंदूर करत पुढे गेलात की मे-जूनमध्ये ४२ ते ४५ अंश आणि लू. पाण्याअभावी थकलेलं शरीर घेऊन डोंगर चढलात तर विरळ हवा दुप्पट त्रास देते. मैदानात पहाटे चार ते दहा चालवा, दुपारी थांबा. पायथ्याला एक पूर्ण दिवस विश्रांती घ्या. ओले बूट आणि वारा हे खिंडीतलं सर्वांत वाईट जोडपं, म्हणून मोज्यांचे दोन कोरडे जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

१५. अंदाज कुठे आणि किती दिवस आधी पाहावा?

भारतीय हवामान खात्याचं लेहला स्वतंत्र केंद्र २०२० च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, त्याचा जिल्हावार अंदाज आणि पिवळा-नारंगी-लाल इशारा पाहा. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी खात्याचा दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज फक्त कल समजण्यासाठी. पाच दिवस आधीपासून जिल्ह्याचा अंदाज गांभीर्याने. आदल्या संध्याकाळी रस्त्याची स्थिती प्रशासन आणि पोलिसांकडून, शिवाय ड्रायव्हरकडून. तो कालच त्या खिंडीतून आलेला असतो.

मोबाइल ॲपचा अंदाज मोठ्या चौकोनांवर बेतलेला असतो. एकाच चौकोनात दरी आणि सहा हजार फूट वरची खिंड दोन्ही येतात, म्हणून ॲप ‘निरभ्र’ म्हणतं तेव्हा खिंडीत बर्फ पडत असू शकतो.

१६. ‘उन्हाळ्यात सरासरीपेक्षा जास्त तापमानाची शक्यता’ अशी बातमी आली. म्हणजे थंडीचे कपडे कमी नेऊ?

नका कमी करू. असा हंगामी अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीबद्दल आणि शक्यतेच्या भाषेत असतो. तुमच्या आठ दिवसांबद्दल तो काहीच सांगत नाही. सरासरी दीड अंश वाढली तरी खिंडीतली पहाट शून्याखालीच. उष्ण उन्हाळ्याचा खरा परिणाम वेगळा: बर्फ लवकर सुटतो, नाले लवकर फुगतात. तेव्हा कपडे तेच, निघायची वेळ आणखी लवकर (प्र. ९).

१७. बर्फ कमी पडला तर रस्ते लवकर उघडतील, मग चांगलंच ना?

आपल्यासाठी सोयीचं, तिथल्या शेतकऱ्यासाठी नाही. लडाखची शेती पावसावर उभीच नाही, ती वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर आहे. एप्रिल-मेमध्ये पेरणीला पाणी हवं असतं आणि उंचावरच्या हिमनद्या नीट वितळायला जून उजाडतो. मधला हा ओढगस्तीचा काळ भागवण्यासाठी लडाखमधले अभियंते चेवांग नोर्फेल यांनी गावांच्या वर कृत्रिम हिमनद्या उभ्या केल्या, सोनम वांगचुक यांनी हिमस्तूप, म्हणजे बर्फाचे उंच शंकू. हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी गोठवून ठेवायचं आणि पेरणीला वितळवायचं. गावात पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या माणसाला चुरपोन म्हणतात.

नेमक्या याच दिवसांत आपण मोठ्या संख्येने जातो. मेमध्ये टँकरची वाट पाहणं काय असतं हे नांदगाव-येवल्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. दोनदा आंघोळ, रोज धुवायला दिलेल्या चादरी, टबातलं पाणी हे तिथे मागू नका. हॉटेलवाला देईल, पण ते पाणी गावाच्या वाट्याचं असतं.

१८. जूनमध्ये मान्सून सुरू होतो. लडाखला त्याचा धोका नाही ना?

जूनमध्ये थेट धोका कमी. पण दोन अपवाद लक्षात ठेवा. एक, जूनअखेरीस जायच्या-यायच्या वाटेवर, विशेषतः हिमाचलात, पाऊस येतो आणि दरडी पडतात. लेह कोरडं असलं तरी कुल्लू-मनाली कोरडं नसतं. दोन, मान्सूनची ओल अधूनमधून हिमालय ओलांडते, आणि उघड्याबोडक्या डोंगरांवर थोडा पाऊसही चिखलाचा लोंढा आणतो. २०१० च्या ५-६ ऑगस्टच्या रात्री लेहमध्ये ढगफुटीने दोनशेहून अधिक माणसं गेली. म्हणून मुक्काम किंवा तंबू कधीच कोरड्या ओढ्याच्या पात्रात टाकू नका, महिना कुठलाही असो.

१९. अंदाज स्वच्छ होता, तरी जूनमध्ये खिंडीत बर्फ पडून परतीची वाट बंद झाली. अशा वेळी काय करायचं?

जूनमध्ये बारालाचा किंवा खारदुंग लावर बर्फ पडणं विशेष नाही. बहुतेक वेळा रस्ता एक-दोन दिवसांत मोकळा होतो. रांगेत खिंडीच्या अगदी जवळ गाडी उभी करून रात्र काढू नका, उंची आणि थंडी दोन्ही अंगावर येतात. मागे वळून खालच्या गावात मुक्काम करा. नुब्रात अडकलात तर ते त्यातल्या त्यात बरं, कारण तिथली उंची लेहहून कमी.

यासाठी बेत आखतानाच दोन दिवस मोकळे धरावे लागतात, आणि ते शेवटी ठेवायचे, सुरुवातीला नाही. गाडीत कोरडा खाऊ, पाणी, एक ब्लँकेट, रोजची औषधं दोन दिवस पुरतील एवढी जास्त आणि रोख रक्कम असू द्या. लेहबाहेर मोबाइलची रेंज सगळीकडे नसते आणि बाहेरची प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून गटात एक तरी पोस्टपेड क्रमांक हवा. आज फोन लागला नाही तर घाबरू नका, असं घरी आधीच सांगून ठेवा.